फक्त पांढरे कपडे

करुणा बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दह्याच्या पॅकिंगवर होती. पांढरा अ‍ॅप्रन स्वच्छ असल्याशिवाय आत सोडत नसत आणि तो धुवायचा ज्याचा त्यानं आपल्या घरी. डाग दिसला की बाई गेटवरूनच परत. त्या दिवसाची हजेरी गेली. करुणाचं कंत्राट संपलं, ती शेळगावला घरी बसली, तरी गेटवरून मान खाली घालून परत फिरणाऱ्या बायका तिच्या डोक्यातून जाईनात.

एकदा जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "एमआयडीसीतल्या लोकांची कामाची कापडं आपुन धुतली तर? तुमचा टेम्पो हायच की न्यायला-आणायला."

सुमित विचारात पडला. पण त्याची आई, रंगुबाई, हातातला घास खाली ठेवून म्हणाल्या, "छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली आन माझ्या सासऱ्यानं गावकीची कामं टाकली. गावानं बोलणं सोडलं, पर त्यांनी पुन्हा कुणाची घाण उचलली न्हाय. आन तू ती घरात आणनार?"

"आत्या, ती गावकी हुती. ह्यो धंदा हाय."

"घाण ती घाणच," म्हणत रंगुबाई ताटावरून उठल्या.

तरीही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं मोठं वॉशिंग मशीन आलं. रंगुबाईंनी त्या बाजूला जाणंच सोडलं. एका घरात राहून सासू-सुनेचं बोलणं कामापुरतं उरलं. तो अबोला करुणाला मशीनच्या आवाजाहून जास्त जाणवायचा.

सुरुवातीला तिनं कुणालाच नाही म्हटलं नाही. वेल्डिंगवाल्यांच्या तेलकट पँटी, ड्रायव्हरांचे शर्ट, डेअरीतल्या बायकांचे अ‍ॅप्रन, सगळं यायचं. कुणाला आज हवं, कुणाला परवा. सुमितचा टेम्पो दोन कपड्यांसाठी एमआयडीसीला हेलपाटे घालायचा. आणि एका सकाळी व्हायचं ते झालं. तेलकट कपड्यांनंतर मशीन नीट साफ न करता अ‍ॅप्रन टाकले होते. त्यांवर करडे पट्टे उठले. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. डेअरीच्या गेटवरून सहा बायका परत गेल्या, करुणाच्या हातच्या कपड्यांमुळं.

त्यातली कौसल्या निमगाव केतकीची, पॅकिंगवर करुणाच्या शेजारी उभी राहणारी. करुणा तिच्या दारात गेली आणि रडायलाच लागली. कौसल्यानं तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"रडू नगं. पर एक सांगते, समद्यांचं धुतीस म्हणून कुनाचंच धड हुत न्हाय. आन आमच्याकडनं एकेक अ‍ॅप्रन गोळा करत कुठवर फिरशील? कंपनीलाच ईचार की."

दुसऱ्या दिवसापासून करुणानं तेलकट कपडे घेणं बंद केलं. हातातली निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं तिनं स्वतःहून सोडली. सुमित चिडला, पण तिनं ऐकलं नाही. ती डेअरीचे मॅनेजर मानसिंगराव यांना भेटली. तिचं म्हणणं, अ‍ॅप्रन कंपनीनंच विकत घ्यावेत, ते कंपनीतच राहावेत, रोज मळलेले ती नेईल आणि धुतलेले आणून देईल. महिन्याचा एकच दर.

मानसिंगराव शेळगावला शेड बघायला आले. नळाखाली हात धुतले, साबणाला फेसच येईना. "करुणाताई, पाणी खारं आहे तुमचं. काम चांगलं आहे, पण ह्या पाण्यात पांढरं कापड महिन्याभरात पिवळं पडेल."

त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, पण होही नाही. करुणानं मग बारामतीत, एमआयडीसीजवळ भाड्यानं गाळा घेतला, मशीनआधी पाणी गोड करायचं यंत्र बसवलं आणि धुतलेले नमुने पाठवत राहिली. तिसऱ्या महिन्यात काम मिळालं. एकाच ठिकाणचा माल, एकच खेप. त्या वर्षी पहिल्यांदा खर्च भागून हातात काही उरलं.

गाळा सुरू करताना बुद्धवंदना झाली, तिलाही रंगुबाई आल्या नव्हत्या. पुढं दवाखान्यासाठी बारामतीला आल्या, तेव्हा सुमितनं त्यांना थोडा वेळ तिथं बसवलं. करुणा इस्त्री झालेले अ‍ॅप्रन उजेडात धरून तपासत होती. मानसिंगराव आले. पायात धुळीचे बूट होते म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबले. "करुणाताई, येऊ का आत?"

"पाच मिनटं थांबा, साहेब. एवढं बघून हुतंय."

ते थांबले. रंगुबाई त्यांच्याकडं एकटक बघत राहिल्या.

संध्याकाळी तिघं टेम्पोतून शेळगावला निघाली. वाटेत रंगुबाई म्हणाल्या, "माझी आय, भागूबाई, पाटलाच्या दारात अशीच उभी ऱ्हायची. कुनी बोलवंस्तवर. मी तिचा पदर धरून."

करुणानं सासूचा हात हातात घेतला. रंगुबाईंनी तो काढून घेतला नाही.

गाळ्यात आता पाच बायका आहेत, एका दवाखान्याच्या चादरीही येतात. तेलकट कपडे घेऊन कुणी आलं तर करुणा आजही परत पाठवते. रंगुबाई कपड्यांना हात लावत नाहीत. लावावा असं करुणानंही कधी म्हटलं नाही.