डोकं खाली

मी टेनिस चांगलं खेळायचे. हे मीच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगायला येणार नाही. पप्पा साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आमच्या क्वार्टरजवळ अफसरांची दोन टेनिस कोर्टं होती. साहेब लोक येण्याआधी मला तिथे खेळू द्यावं, अशी परवानगी पप्पांनी मागून घेतली. मागायला त्यांना जड गेलं असणार, पण ते कधी बोलले नाहीत. माझा बॅकहँड बघायला माळीसुद्धा पाइप बंद करून उभे राहायचे.

रोग एकच होता. सामना हातात यायचा, पाच-दोन, पाच-एक, आणि मी नाहीशी व्हायचे. भीती नाही, थकवा नाही. चेंडू दिसायचा, पाय पळायचे, पण आत कोणी नसायचं. भानावर यायचे तोवर समोरच्या मुलीने सेट खिशात घातलेला असायचा. कोच विचारायचे, "बेटा, बीच में कहाँ चली जाती हो?" ते मलाच ठाऊक असतं तर गेले असते का?

एकदा पप्पांनी समोर बसवून नीट विचारलं. मी सांगितलं, "पप्पा, मॅच चालू असताना मधेच माझं डोकं खाली होतं."

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मग मी बघतो."

तेव्हापासून प्रत्येक सामन्यात जाळीबाहेरून त्यांचा आवाज यायचा, "डोकं वर! वर कर डोकं!" बाहेरून शिकवायला मनाई होती, पण नोएडात काय नि फरीदाबादेत काय, पंचाला मराठी कुठून कळणार? मला वाटायचं, यात काहीतरी युक्ती असणार. वडिलांना ‘का’ विचारायची आमच्या घरात रीत नव्हती. मी निमूटपणे मान उंच करायचे, चेंडूवरची नजर सुटायची आणि होतं नव्हतं ते भानही जायचं.

ज्युनियर गटातलं शेवटचं वर्ष आलं तेव्हा घरात ठरलं, नोएडाची स्पर्धा जिंकले तर पुढे टेनिस, नाहीतर कॉलेज. अट मीच घातली होती. हरता हरता जिंकणं मला चाललं असतं. जिंकता जिंकता हरण्याचा मला वीट आला होता.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी आईने पोह्यांचा डबा मागितला. मी म्हटलं, "आई, डबा खाली आहे."

ती वाकून ओट्याखाली शोधू लागली. "कुठे गं? खाली तर नाही."

"अगं, खाली म्हणजे खतम, यार. आत काहीच नाहीये."

"मग रिकामा म्हण ना! दिल्लीत पोरं वाढवली की हे असं."

आम्ही दोघी हसलो. पप्पा दारात बसून बूट पॉलिश करत होते. त्यांचा ब्रश थांबला.

"तुझं डोकं," ते म्हणाले, "रिकामं होतं?"

"हो."

"वाकत नाही?"

"वाकेल कशाला?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दिवसभर युनिटमध्ये हिंदी बोलणारा माणूस, पण घरात पाऊल टाकलं की त्यांचे कान साताऱ्याला जायचे. आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो. मग पप्पांनी हातातला बूट बाजूला ठेवला. "म्हणजे मीच तुला हरवत होतो की," ते म्हणाले. मला त्यांची दया आली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. रोगाचं कारण सापडलं होतं आणि ते माझ्यात नव्हतं.

नोएडात मी फायनलला पोचले. पप्पा अगदी मागच्या पायरीवर, तोंडाशी रुमाल धरून बसले होते. पहिला सेट मी घेतला. दुसऱ्यात पाच-दोन, सर्व्हिस माझी. मी चेंडू जमिनीवर आपटला आणि आतलं सगळं निघून गेलं, नेहमी जायचं तसंच.

कोणी ओरडलं नाही. मी थांबले, वाट पाहिली, तरी कोणी ओरडलं नाही. तेव्हा मला कळलं की हे बाहेरून कधीच आलं नव्हतं. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नाही. तो सेट गेला, मग तिसराही गेला. मी समोरच्या मुलीशी हात मिळवला आणि रॅकेट पिशवीत भरली.

गाडीत बसल्यावर पप्पांनी चावी फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी ओरडायला हवं होतं का गं?"

मी ‘हो’ म्हटलं असतं, तर ती हार त्यांनी जन्मभर स्वतःच्या डोक्यावर वाहिली असती, आणि तीही आनंदाने. त्यासाठीच ते विचारत होते.

"नाही, पप्पा," मी म्हटलं. "चला घरी."