आधी विचारून ये

शालिनी अक्कांच्या ओट्यावर येशूची गोष्ट सांगत सुटलेला कोणी नवा विश्वासी तावातावाने आला, की त्या आधी त्याला बसवून घेत आणि एकच प्रश्न विचारत, "ज्याला सांगायला निघालास, त्याच्या घरी सध्या काय चाललंय?" बहुतेकांना ते ठाऊक नसे. शेजाऱ्याचा उद्धार करायला निघालेल्या माणसाला शेजाऱ्याची आई दवाखान्यात आहे याचा पत्ता नसे. "मग आधी विचारून ये," असं म्हणून अक्का पुढ्यातल्या मेथीच्या जुडीकडे वळत. काही जण रुसून दुसऱ्या चर्चच्या मंडळीत जात. अक्कांना त्याचं सोयरसुतक नसे.

पिंप्राळ्यात त्यांचं घर माझ्या घराला लागून. मी ना देवळात जाणारा, ना चर्चमध्ये. कोणी धर्म सांगायला आलं, की मला हटकून बाजारातली कामं आठवतात. अक्का जन्माने ख्रिस्ती. सगळी नोकरी धुळ्याकडच्या गावांत शाळेवर केलेली, त्यामुळे अहिराणी तोंडात बसलेली. मंडळीत नव्याने येणाऱ्यांना चार गोष्टी समजावण्याचं काम पाळकांनी त्यांच्याकडे दिलं होतं. "दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसजवळ उभं राहायचं, एवढंच माझं काम," असं त्या सांगत. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे त्यांचा वर्ग मला आयता ऐकू येई.

एकदा सुनील नावाच्या रिक्षावाल्याने गल्लीतल्या सगळ्या स्कूटरवर "येशू तुमच्यावर प्रेम करतो" असे स्टिकर चिकटवले. माझ्याही गाडीवर. समोरच्या घरी बौद्ध कुटुंब होतं. त्यांच्या गाडीवरचं अर्धं धम्मचक्र स्टिकरखाली गेलं, आणि सकाळी गल्लीत भांडण पेटायची वेळ आली. अक्कांनी सुनीलच्या हातात खोबरेल तेलाची बाटली आणि फडकं दिलं. म्हणाल्या, "गाडी त्याची, श्रद्धा त्याची, गोंद तेवढा तुझा. काढ." त्याला प्रत्येक दारात जाऊन विचारून, माफी मागून ते काढायला लावलं. समोरच्यांनी धम्मचक्र आधी साफ करून घेतलं आणि मग त्याला चहा पाजला.

सुनील परत आला तो चिडलेलाच. "अक्का, मग कोणाला काही सांगायचंच नाही का?"

"सांगायचं ना. कोणी विचारलं की पोटभर सांगायचं. आणि त्याला विचारावंसं वाटेल असं राहायचं. ते राहणं जड जातं, म्हणून सगळे बोलायला धावतात."

मला बाई पटली ती त्या दिवशी.

वंदनाची गोष्ट मात्र खोबरेल तेलाने निघण्यासारखी नव्हती. वंदना आमच्याच कॉलनीत ब्लाऊज शिवायची. माहेर पारोळ्याकडच्या एका खेड्यात, शेतकरी घर. ती मंडळीत येऊ लागली त्याच वर्षी आखाजीला माहेरी गेली. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ही सासुरवाशिणीची हक्काची सुट्टी. भाऊ न्यायला येतो, झोके बांधतात, पोरी चार दिवस घर डोक्यावर घेतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर भरून पूजतात. वंदनाचे वडील जाऊन फार काळ लोटला नव्हता. आई घागरीवर खरबूज आणि आंबे ठेवत असताना ही सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "मेलेला माणूस पाणी प्यायला येत नाही. हे सगळं खोटं आहे."

भावाने तिची पिशवी अंगणात आणून ठेवली आणि इथे येणं बंद म्हणून सांगितलं. "यापुढे आखाजीले आठे येवानं नही."

चार दिवसांसाठी गेलेली पोर त्याच संध्याकाळी परत आली आणि सरळ अक्कांच्या ओट्यावर बसली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर एक ताठा होता. म्हणाली, "अक्का, मी साक्ष दिली. विश्वासासाठी माझा छळ झाला." तिला शाबासकी हवी होती.

अक्का चिडल्या की अहिराणीवर येत. "छळ कोना व्हयना? तुना, का तुनी मायना?"

वंदना म्हणाली, "मग मी घागरीला हात जोडायला हवे होते?"

"नको जोडूस. मनात नाही ते करायचं नाही. पण नवऱ्याच्या आठवणीने रडणाऱ्या आईजवळ बसायला तुला कोणत्या देवाने मनाई केली होती?"

तेव्हा कुठे ती खरी रडली. आता माहेर तुटलं, हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

काही दिवसांनी अक्का भिंतीपाशी येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, तुमची कार घेऊन पारोळ्याकडे येता का?" वाटेत मी चालवत होतो आणि मागच्या सीटवर वंदनाची शिकवणी चालू होती. "बोललीस त्याची माफी माग. विश्वासाची मागू नकोस. आणि माफीच्या शेपटीला प्रवचन बांधू नकोस."

वंदनाचा भाऊ दारातच उभा होता. "प्रचार कराले उनात का?"

"नही, भाऊ. माफी मांगाले उनूत," अक्का म्हणाल्या.

वंदना आत जाऊन आईच्या पायाशी बसली. "माय, मनं चुकनं," एवढंच तिला बोलता आलं. आई भिंतीकडे बघत राहिली. मग अक्कांनी वडिलांची चौकशी केली. ते कसे होते, काय खायचे, रागवायचे का. आई आधी तुटक बोलली, मग भरभर. "त्यासले गूळनी चाय लागे," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. अख्खी दुपार त्या माणसाच्या गोष्टी चालल्या. अक्कांनी देवाचं नाव एकदाही काढलं नाही. मी म्हटलं, बाई भलतीच चिवट आहे.

निघताना भावाने नेमकं विचारलं, "पुढली आखाजीले हात जोडशी का?"

हो म्हणाली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. वंदनाने अक्कांकडे पाहिलंसुद्धा नाही. "हात नही जोडनार, भाऊ. बाकी बठ्ठं काम करसू."

भाऊ शेताकडे निघून गेला. परतताना पारोळा मागे पडल्यावर अक्का म्हणाल्या, "खरं बोललीस. आता त्यांना वेळ लागेल. तो त्यांचा हक्क आहे."

त्या हिवाळ्यात अक्का गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. मला इतकं एकटं वाटेल असं वाटलं नव्हतं. भिंतीपलीकडून येणारा तो आवाज थांबल्यावर कळलं, की मी रोज तोच ऐकत बसत असे.

आखाजी जवळ आली तशी वंदना मशीनवर बसल्या बसल्या रस्त्याकडे बघायची. न्यायला कोणी आलं नाही तर जायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. सणाच्या आदल्या दिवशी भाऊ मोटारसायकलवर आला. दारातूनच म्हणाला, "चाल. माय बलाई राहिनी."

परत आली तेव्हा भिंतीपाशी उभं राहून तिने मला सगळं सांगितलं. घागर तिनेच पाण्याने भरून आणली. आंबे धुतले, सांजोऱ्या लाटल्या. पूजेच्या वेळी हात न जोडता आईच्या शेजारी बसून राहिली. आईने वडिलांच्या घागरीजवळ आणखी एक लहान मडकं ठेवलं होतं. "हाई तुनी अक्कानं. तुम्हनामा चालस का नही, माले माहीत नही."

जेवणं झाल्यावर आई तिला झोक्याजवळ घेऊन बसली आणि म्हणाली, "आते सांग. तुनी अक्काना देव कसा शे?"

वर्षभर जे सांगायला जीभ शिवशिवत होती, ते आईने स्वतःहून विचारलं आणि वंदनाला हुंदका आवरेना.

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाई नही, माय. चार रोज शेस ना आठे?"