हौदातल्या लाटांवरची वीज

सत्तरच्या दशकात खनिज तेल महागले होते आणि वीजकपातीने सोलापूरचे यंत्रमाग वारंवार थांबत. त्या काळी मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. माझ्या नववीच्या दोन विद्यार्थिनींनी प्रदर्शनासाठी समुद्राच्या लाटांपासून वीज हा विषय निवडला. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता.

"बाई, लाटा काय पार्सलने मागवणार?" मुख्याध्यापक म्हणाले. "शाळेची एकच प्रतिकृती पाठवता येते. शनिवारी दिवा लागला तर तुमची. नाहीतर दहावीचा ज्वालामुखी तयार आहे."

शाळेच्या हौदात एकीने फळी दाबून लाटा केल्या, दुसरीने पात्यांचे चाक पाण्यात धरले. चाक जरा पुढे गेले, जरा मागे आले आणि तिथेच डुलत राहिले. मी हौदात बुचाचा तुकडा टाकला. "आता फक्त पाहा."

मंद्रूप गावाहून येणारी मुलगी वाकली. "बाई, लाट पलीकडं गेली, पन बूच हितंच हाय की! नुसतं वर-खाली करतंय."

"मग चाक कोण फिरवणार? तू?" तिची विणकराच्या घरातली मैत्रीण म्हणाली.

आमच्याकडचे पाणी पाटातून वाहते; लाटही तशीच वाहते, असे दोघींनी गृहीत धरले होते. वस्तुतः लाटेतून पुढे जाते ती ऊर्जा. पाणी जवळपास जागच्या जागी हेलकावते. म्हणून आम्ही ते हेलकावणेच वापरायचे ठरवले. बंद केलेला तेलाचा डबा तरंगता ठेवून त्याच्या दांडीला एका मोडक्या सायकलची साखळी बांधली. डबा वर आला की साखळी त्या सायकलचे मागचे चाक ओढी. खाली गेला की एकाच दिशेला पकड घेणारे फ्रीव्हील नुसते करकरे. चाकाला टेकलेला डायनामो विजेरीचा दिवा लावी.

शनिवारी दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

"हा दिवा की काजवा?" मुख्याध्यापकांनी विचारले.

मुलींचे चेहरे उतरले. मी त्यांना विचारले, "पायडल थांबवले की सायकल लगेच थांबते का?"

"न्हाय. आणि मागं पोतं असलं तर लवकर थांबतच न्हाय," मंद्रूपची म्हणाली आणि स्वतःच चमकली. चाकाला वजन हवे होते. विणकराच्या मुलीने लोखंडाचे तुकडे सुताने चाकाच्या कडेला असे आवळले की एकही हलेना. फळी पुन्हा दाबली. चाक सावकाश वेग घेऊ लागले. डबा खाली जाताना दिवा मंदावला, पण विझला नाही.

"आणि हे परवडेल?" मुख्याध्यापकांनी मला विचारले.

"लाट फुकट आहे, सर. खर्च यंत्राचा आणि खाऱ्या पाण्यात ते टिकवण्याचा. तो कमी करता येतो. आमचे यंत्र मोडक्या सायकलीचेच आहे."

त्यांनी स्वतः एकदा फळी दाबून पाहिली. "ज्वालामुखीवाल्यांना मी सांगतो. पण प्रदर्शनात हौद कुठला?"

"म्हशीला पानी पाजायचं उभं कापलेलं टीप हाय की घरी, सर."

"मग म्हैस काय पिणार?"

"दोन दिवस बादलीत पिईल," ती म्हणाली आणि त्या अर्ध्या पिंपाची लांबी हातांनी हवेत मोजून दाखवू लागली.