कोमो ते व्हेनिस, मध्ये एक दगडी डोण

या सदरातले किस्से मी बरीच वर्षं वाचतोय. वाचतो आणि हसतो. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... सगळा जन्म घाटात गाडी हाकलेले ड्रायव्हर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना ती एकदाही भेटली नाही. आणि तुमच्या मावसभावाला मात्र दर अमावस्येला न चुकता भेटते. त्याचा काय पास काढलाय तिनं?

माझ्याबद्दल गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. छप्पन्न सालानंतर आमच्या घरात देव्हारा राहिला नाही. आजोबांनी तो स्वतःच्या हातानं उचलून नदीत सोडला आणि घरी येऊन पोटभर जेवले, काही झालं नाही. जिथं देवालाच जागा नाही तिथं भुताला कोण बसायला पाट देणार? तेव्हा खाली कोणी ‘पितर’, ‘अतृप्त आत्मा’, ‘घराण्याचा दोष’ असलं काही लिहिणार असेल तर कृपा करून लिहू नका. मला ते सगळं सांगून झालंय, आणि सांगणाऱ्यांची अक्कलही बघून झालीय.

मी मूळचा वाशीमकडचा. नववीत शाळा सुटली (सोडली नाही, सुटली) आणि एका ट्रॅव्हल्सच्या गाडीवर क्लीनर म्हणून फिरत फिरत कोल्हापुरात येऊन पडलो. राजारामपुरीत अण्णांचं ऑफिस होतं. अण्णा स्वतः आधी ट्रक आणि मग बस चालवायचे, त्यातून त्यांनी सहलींचा धंदा उभा केला. त्यांनी मला ऑफिसातच झोपायला जागा दिली, नकाशा वाचायला शिकवलं, आणि आक्कांनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, दोन्ही वेळचा डबा चालू केला. माझं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ ऐकून सगळी गल्ली हसायची. अण्णा हसले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तेव्हा तर मी सदान्‌कदा भेदरलेला असायचो, की एक चूक झाली आणि ही जागा गेली तर परत कुठं जायचं?

नव्व्याण्णव साली अण्णांनी पहिल्यांदा युरोपची टूर काढली. मंडळी कागल आणि वारणेकडची. ऊस बरा गेलेला, पोरं शिकून बाहेर गेलेली, गळ्यात नवे कॅमेरे. मुंबईच्या एजंटानं सगळं बांधून दिलं होतं, पण एका दिवसावर ही मंडळी अडून बसली. तो दिवस होता इटलीतला. कोमो नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठच्या गावातून निघून व्हेनिसला पोचायचं, जिथं रस्त्यांच्या जागी कालवेच आहेत ते शहर. एजंटानं सरळ हायवे दिला होता. मंडळी म्हणाली, हायवे काय आमच्या दारातनं पण जातोय, बेंगलोर-पुणे. आम्हाला घाट दाखवा, बर्फ दाखवा. ज्यांना गगनबावड्याच्या घाटात दुसऱ्या वळणाला पिशवी लागते, त्यांना आल्प्सचा घाट पाहिजे होता!

अण्णांनी ते काम माझ्यावर टाकलं. म्हणाले, कोकणातले सगळे रूट तू लावतोस, हा पण लाव. घाट तो घाट. मला ना पासपोर्ट, ना इंग्रजी. पण नकाशा पसरला, वळणांवरून दोरा फिरवून अंतर मोजलं आणि तळ्याच्या वरच्या टोकाहून पूर्वेला वळून तोनाले नावाचा घाट चढायचा, पलीकडं उतरून दरीदरीनं खाली व्हेनिस, असा रस्ता लावला. आणि आपल्या सवयीनं लिहून टाकलं – दुपारचं जेवण घाटमाथ्यावर, हॉटेलात. कोल्हापूरची कुठलीही सहल घाटमाथ्यावर थांबते, मग ही का नाही?

एवढी मोठी बस त्या घाटातून जाते का, हे मात्र तिथल्या बसवाल्याला विचारायचं होतं. त्याचा नंबर एजंटानं दिला होता. आमच्या वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता, तिथल्या सरांकडून मी चार इंग्रजी वाक्यं मराठी अक्षरांत लिहून घेतली आणि पाठ केली. एक मेला, महाराष्ट्र दिनाला, ऑफिसात कोणी नव्हतं. भर दुपार. म्हटलं आपलं फाडफाड इंग्रजी ऐकायला कोणी नाही तोवर लावू फोन.

लागला. दोन-तीनदा वाजला आणि उचलला. मी वाक्य सुरू केलं, ‘हॅलो, धिस इज कोल्हापूर...’

“बोल की,” पलीकडून आवाज आला. “कोल्लापूर न्हवं का? बोल.”

पुरुषाचा, वयस्कर, घसा बसल्यासारखा आवाज. माझ्या डोक्यात लगेच एकच नाव आलं – प्रताप. अण्णांचा पुतण्या. दिवसभर कॉलर वर करून फिरणं आणि लोकांचे आवाज काढणं यापलीकडं त्या माणसाला विधात्यानं, म्हणजे तुमच्या विधात्यानं, काही दिलेलं नव्हतं. माझी नक्कल तर तो रोज करायचा. मी म्हटलं, प्रताप, फोन ठेव, मला काम आहे.

“कोण परताप? तू घाटाचं इचारनार हुतास न्हवं? बस जातीया की. पर माथ्यावर नगं थांबूस.”

“काहून?” मी चिडलो की घरची भाषा बाहेर पडते.

“वारं लई असतंय. माथा सरला की उतारावर उजव्या अंगाला दगडी डोन हाय, गुरांच्या पान्याची. झऱ्याचं पानी पडतंय तिच्यात. गाडी लावायला जागा हाय. तितं जेवा.”

मला हसूच आलं. उजव्या अंगाला म्हणे! गाडी डाव्या बाजूला थांबवतात एवढी अक्कल नसलेला माणूस मला रूट सांगत होता. मी तसं तोंडावर म्हटलंसुद्धा.  मग एकदम त्यानं विचारलं,

“डायवरचं ताट कुटं मांडनार?”

इथं मी समोरचा कागद जवळ ओढला. कारण अण्णांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडू दिला नाही. सहलीत जेवण असेल तिथं पहिलं ताट ड्रायव्हरचं. त्यानं निम्मं खाल्ल्याशिवाय दुसऱ्या कोणाला वाढायचं नाही, मग गाडीत आमदार का असेना. आणि मी माथ्यावरचं हॉटेल लिहून बसलो होतो. तिथं तो गोरा ड्रायव्हर कुठं बसणार, काय खाणार, याचा मी विचारच केला नव्हता. कोट-टायवाल्या ड्रायव्हरला कशाला आपलं ताट, असं कुठंतरी वाटलं असणार. अण्णांनी तो कागद माझ्या तोंडावर फेकला असता.

“तेला पयल्यांदा वाढा. डोनीपाशी. इसरू नगंस.”

मी खिडकीत गेलो, वायर पुरत होती तेवढा. समोर वड्याच्या गाड्यापाशी प्रताप उभा होता. एका हातात वडा, दुसऱ्या हातात पाव, तोंड भरलेलं. मोबाईल तेव्हा त्याच्या बापाकडं पण नव्हता. आणि माझ्या कानात तो आवाज चालूच.

“तू हिकडचा न्हाईस वाटतं. लांबचा हाईस. जेवलास का?”

“तुले काय करायचं आहे?” म्हणून मी रिसीव्हर आपटला.

आता इथं हुशार वाचक म्हणतील, क्रॉस कनेक्शन. मीही तेच म्हटलं! त्या काळात शाहूपुरीला फोन लावला की सांगलीतल्या दोन बायकांचं भांडण ऐकू यायचं. लागला असेल कोणातरी रिकामटेकड्या म्हाताऱ्याला. परत फोन लावला तर नुसता वाजत राहिला.

पण स्वभाव भित्रा. तोंडानं त्याला शिव्या देत होतो आणि हातानं कागदावरचं हॉटेल खोडत होतो. ड्रायव्हरच्या ताटाचं तो बोलला ते खोटं नव्हतं, आणि उघड्यावर जेवण ठेवलं तरच तो नियम पाळता येणार होता. मग उघड्यावर कुठं? तर... ‘माथा सरल्यावर, उतारावर, उजवीकडे, दगडी डोण.’ नकाशात तसलं काही नव्हतं. अण्णांनी विचारलं, तुला कुठनं कळलं? म्हटलं, बसवाल्यानं सांगितलं. एका अर्थानं ते खरंच होतं.

बस घाटातून जाते, असं नंतर एजंटानं विचारून कळवलं आणि टूर निघाली. अण्णा स्वतः बरोबर गेले. ज्या दिवशी ते कोमोहून निघणार होते, त्या दिवशी मी सकाळपासून फोनपाशी बसून होतो. डोळ्यासमोर एकच चित्र – डोण नाहीच, बस उतारावरून खाली खाली चाललीय, आत सगळी मंडळी उपाशी, आणि अण्णा दात-ओठ खात माझा हिशेब ठरवताहेत. माझा कोल्हापुरातला मुक्काम त्या एका डोणीवर अडकला होता. आक्का दोनदा डबा घेऊन आल्या, मी उघडला नाही.

संध्याकाळ उलटून गेल्यावर फोन आला. अण्णा होते. म्हणाले, डोण सापडली. बाकीचं आल्यावर सांगतो, म्हणून फोन ठेवला.

पुढचं त्यांनी परत आल्यावर सविस्तर सांगितलं. माथ्यावर चांगलं काचेचं हॉटेल दिसलं तसं मंडळींनी गाडी थांबवायचा आग्रह धरला. अण्णांनी कागद दाखवून नाही म्हटलं. मग टोमणे सुरू झाले. एवढा पैसा ओतून युरोपात यायचं आणि शिवारात बसल्यागत डोणीवर जेवायचं, हे कुठल्या शहाण्यानं लावलंय? अण्णांनी सांगितलं, वाशीमच्या. त्यावर गाडीत जे हसले, त्यांची नावं मला माहीत आहेत.

उतार लागला, दोन-तीन वळणं झाली आणि उजव्या हाताला डोण होती. एकाच दगडातली, लांबट, वरून झऱ्याची धार. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, तेव्हा थांबायचं उजवीकडंच, हे मला तेव्हा कळलं. मंडळींनी आधी खालच्या वळणांचे फोटो काढण्यात तास-दीड तास घालवला, मग बायकांनी सकाळी हॉटेलच्या खोलीत गुपचूप शिजवलेला मसालेभात आणि घरून आणलेला मिरचीचा खर्डा काढला. अण्णांनी पहिलं ताट ड्रायव्हरपुढं धरलं. तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा गडी, आधी नको-नको म्हणाला, मग डोणीच्या कडेवर बसून खायला लागला. बाकीचे हात बांधून, तोंडं वाकडी करून उभे. एवढ्यात त्याच्या हातातलं ताट घसरलं. त्यानं डावा दंड धरला आणि तो तिथंच आडवा झाला.

कोणीतरी म्हणालं, खर्डा झोंबला. नेहमीप्रमाणे. पण मंडळींत कागलचे एक डॉक्टर होते, त्यांनी बघताक्षणी ओळखलं की हार्टचं आहे. गोळी दिली, छाती दाबली, वरच्या हॉटेलात माणूस पळवला, हेलिकॉप्टर आलं. माणूस वाचला. डॉक्टर नंतर एवढंच म्हणाले, की माथ्यावरच जेवण उरकून निघालो असतो, तर याच वेळेला हा खालच्या वळणांवर असता. आणि त्या वळणांना कठडा किती होता, ते सगळ्यांनी गाडीतून उतरून बघितलं होतं. मंडळींपैकी कोणी त्यानंतर जेवणाला नावं ठेवली नाहीत. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत त्याच डोणीपाशी बसून, गार झालेला भात सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

अण्णा त्या बसवाल्याचे आभार मानायला गेले होते. दुभाष्याकरवी सांगितलं, तुमच्या माणसानं ही जागा एक मेला फोनवर सांगितली म्हणून आज आम्ही उभे आहोत. तो चक्रावला. म्हणाला, एक मेला तिकडं कामगार दिनाची सुट्टी असते. ऑफिसला कुलूप होतं. आणि आपल्याकडं तुमची भाषा बोलणारा माणूस आजवर कधी नव्हता.

झालं. आक्कांनी ठरवून टाकलं की तो महायुद्धात तिकडं गेलेला आपल्या भागातला शिपाई, तिकडंच राहिला. फोनला हळदकुंकू लावलं, अगरबत्ती लावली. मी ते ओल्या फडक्यानं पुसलं. प्रताप तर चौकात सांगत सुटला, की काकाच्या ऑफिसचा फोन पावतो. दोन गिऱ्हाइकं खरोखर नमस्कार करायला आली होती, पोरीच्या लग्नाचं विचारायला! अशा लोकांपुढं डोकं फोडून काय उपयोग?

शिपाई असेल तर त्याला बस त्या घाटातून जाते हे कसं कळलं? आणि क्रॉस कनेक्शन असेल तर कागल-निपाणीकडच्या म्हाताऱ्याला आल्प्समधली डोण कशी ठाऊक? कुठलंच धड बसत नाही. मी तेव्हा सगळं करून पाहिलं, टेलिफोन खात्यातल्या माणसाला चहा पाजून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, असं होत नाही. एवढं सांगायला त्यानं दोन चहा घेतले.

मला एवढंच वाटतं, की तो जो कोणी होता तो ड्रायव्हर असावा. दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताटाची काळजी जगात अजून कोण करतं? जिवंत माणसं तर करत नाहीत, ते मी रोज बघतो.

अण्णा आता थकलेत, ऑफिस मीच बघतो. भुतावर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण एक गोष्ट मात्र आहे. घर सोडून कोल्हापुरात आल्यापासून मला जेवायला घालणारे पुष्कळ भेटले, त्यांचं भलं होवो. पण जेवलास का, असं त्या दिवसापर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मी जेवलो नव्हतो. डबा तसाच पडला होता.

फोन आपटल्यावर मी तो डबा उघडला आणि जेवलो. हे त्याला सांगायचं राहिलंय, आणि कुठल्या नंबरावर सांगायचं ते मला माहीत नाही.