वगळलेली सतरावी रेघ

भिंगताईंच्या गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून ऑफिसात त्यांना हे नाव पडलं. समुद्रातल्या तेलविहिरींतून निघालेला दगडांचा चुरा तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. कुणाच्या शब्दावर विसंबणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "हिला मीठ दिलं तरी साखर नाही ना, हे आधी चाखून बघेल," असं नवरा सांगत फिरायचा.

त्या दिवशी बैठकीत सर्व्हेवाल्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. जहाजावरून पाण्यात आवाज सोडायचा आणि तळाखालच्या थरांवरून येणारे पडसाद टिपायचे, हे त्यांचं काम. नकाशात ऐसपैस घुमट दिसत होता आणि त्याच्या माथ्यावर लख्ख पट्टा.

"तेल इथंच अडकलंय. वर चिकणमातीचं घट्ट झाकण आहे," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई मात्र जहाजाच्या फेऱ्यांच्या रेघा बघत होत्या. सोळानंतर एकदम अठरा.

"सतरावी कुठंय?"

"खराब आली होती. वगळली," म्हणत साहेबांनी नकाशा गुंडाळला.

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. एवढी घाई कशाची? विहीर मंजूर झाली की साहेबांची बढती ठरलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी जेवताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "कुठंतरी पाणी मुरतंय."

सकाळी त्यांनी गोदाम गाठलं. सतराव्या रेघेलगत तीस वर्षांपूर्वी एक विहीर खणली होती. ती कोरडी निघाली होती. तिच्यातल्या दगडांच्या नमुन्यांच्या पेट्या धुळीत पडून होत्या. ताईंनी झाकणाच्या थरातल्या चिकणमातीचे तुकडे भिंगाखाली धरले. बारीक बारीक भेगा. निळ्या दिव्याखाली त्या भेगा पिवळ्या चमकल्या; तेलाचा अंश असला की दगड असाच चमकतो. तेल झाकणातून वर झिरपलं होतं.

पेटी काखोटीला मारून त्या साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. "आता सतरावी दाखवा."

साहेबांनी ती पडद्यावर आणली. घुमटाच्या मधोमध पडसाद विस्कटले होते, ओल्या शाईवरून हात फिरावा तसे.

"बघा, खराबच आहे."

"खराब कशामुळं झाली, ते बघितलंत?" ताईंनी तुकडा पुढे केला. "इथून तेलासोबतचा वायू वर निसटतोय. तोच तुमचे पडसाद विस्कटतोय."

साहेबांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मला वाटलं, यंत्र बिघडलं असेल."

खरं की सारवासारव, ताईंना चेहऱ्यावरून कळेना. पण पुढच्या बैठकीत साहेबांनी स्वतःच विहिरीची जागा घुमटावरून हलवून भेगांपलीकडे, झाकण शाबूत असलेल्या भागात नेली. तिथं तेल लागलं. बेताचंच, पण लागलं. जागा बदलण्यात मंजुरी मात्र लांबली होती, त्यात साहेबांची बढती हुकली.

"पटलं ना आता, माणूस सरळ आहे?" नवऱ्याने विचारलं.

"असेलही," ताई म्हणाल्या आणि पानात भात वाढू लागल्या.