डावा कौल

मॅट्रिक झालं की रत्नागिरी संपली, असं आमच्या वेळी म्हणत. जिल्ह्यात शाळा होत्या, कॉलेज मात्र एकही नव्हतं. पुढं शिकायचं तर आगबोटीने मुंबई गाठायची, नाहीतर घाट चढून कोल्हापूर, सांगली किंवा पुणं. एकोणीसशे तीस साल उलटून गेल्यावरच्या एका मे महिन्यात मी मॅट्रिक पास झाले आणि आमच्या पडवीत या चार गावांवाचून दुसरा विषय राहिला नाही.

बाबा शाळेत गणित शिकवत. रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ते एकेक गाव घेत आणि एकेक खोडून टाकत. सांगलीत ओळखीचं कोणी नाही. कोल्हापूरला थंडी फार. पुण्याला मावशी होती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. मुंबईत गिरगावात बाबांचे चुलतभाऊ होते, माणसंही चांगली, पण बोट लागते. मला नव्हे, बाबांना. पोहोचवायला जाणार तेच ना! वर्गात मुलांकडून उभ्या उभ्या उत्तर काढून घेणारा हा माणूस स्वतःच्या मुलीपाशी येऊन अडला होता.

इकडे माझा जीव टांगणीला लागला होता. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. यंदा थांबलेली मुलगी पुढल्या वर्षी जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेली शेजारची मैत्रीण तोवर दोन मुलांची आई झाली होती.

आई या बोलण्यात कधी पडली नाही. सुपातले तांदूळ निवडत नुसती ऐकायची. तिला अक्षरओळख नव्हती, आणि मी गेले तर माझ्या वाटची सगळी कामं तिच्याच अंगावर पडणार होती. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. अशात एके दिवशी ती म्हणाली, "उद्या कौल लावून घेत्ये."

आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची असो, आधी ग्रामदेवीला विचारत. गुरव देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे शेंबड्या पोरालाही माहीत असे.

मी संतापले. एवढा अभ्यास केला तो काय एका पाकळीच्या भरवशावर? आईशी बोलणंच टाकलं. बाबा देवदेव करणारे नव्हते, पण 'लावू नको' म्हणायची त्यांचीही छाती झाली नाही.

सकाळी देवळात आई गाभाऱ्याशी गुरवाजवळ बसली. मी रागाने बाहेरच थांबले. बाबा दारात उभे राहून आत बघत होते. गुरवाचं गाऱ्हाणं बाहेर नुसतं पुटपुटल्यासारखं येत होतं, शब्द काही कळत नव्हते. बराच वेळ गेला. मग बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावी पडली."

मी देवळाच्या चिऱ्याच्या पायरीवर बसून रडले. येणाऱ्याजाणाऱ्याचीही लाज वाटली नाही. बाबा शेजारी येऊन बसले आणि घरी राहूनसुद्धा पुष्कळ वाचता येतं, असं काहीबाही सांगू लागले.

तेवढ्यात आई लगबगीने बाहेर आली. पाकळी पदराच्या टोकाला बांधत तिने बाबांना विचारलं, "अहो, शेवटची बोट कधी?"

"कसली बोट?"

"मुंबईची. देवीने मुंबई दिलीन्. उजवी पडली तर पुणं नि डावी पडली तर मुंबई, असं मी सांगितलं होतं गुरवाला. तुमच्याने ठरेना, म्हटलं तिलाच ठरवू दे." मग तिचं लक्ष माझ्या डोळ्यांकडे गेलं आणि ती एकदम कावरीबावरी झाली. "पुण्याला जायचं होतं काय गो तुला? मग आधी सांगायचं नाही?"

 मी नकाराची मान हलवली आणि तिचा पदर धरला. आदल्या दिवसापासून तिच्याशी धरलेला अबोला मला आज या वयातही बोचतो.

बाबा मात्र गणिताचे मास्तर. त्यांनी विचारलंच, "अगं, पण हिला पाठवायचं की नाही, ते विचारलंस का?"

"नाही विचारलं," आई म्हणाली. "ती नको म्हणाली असती, तर मला ऐकावं लागलं असतं."