हिराबाईचा अंगठा

वैशाखऱ्याजवळच्या वाडीत भाताच्या लावणीला हिराबाईच्या तोडीची बाई नव्हती. खाचरात बायका ओळीनं वाकून, मागं मागं सरकत रोप लावतात, त्यात पहिली पात, म्हणजे एकीच्या वाट्याची पट्टी, तिची. अंगठा आणि दोन बोटं, चिखलात खुपसलं की झालं, लावलेलं रोप वाऱ्यानंही हलायचं नाही. तीस वर्षं असंच चाललं. मग दोन सालांपूर्वी उजवा अंगठा दगा द्यायला लागला. सुरुवातीची रोपं नीट लागायची. शंभराच्या आसपास गेलं की अंगठ्यातला जीवच निघून जायचा, आणि रोप चिखलात न बसता पाण्यावर तरंगायचं.

मुरबाडच्या डॉक्टरनं हाताचा फोटो काढला, हाडं चांगली आहेत म्हणाला आणि मलम दिलं. हाडं चांगली, एवढंच तिच्या नवऱ्यानं, कोंडूनं, ऐकलं.

"हाड साबूत, कातडी साबूत. मंग दुखतो कुठं? कामाचा कंटाळा आलाय, दुसरा काय!"

गावातच दिलेली नणंद गंगी. तिला तर असं काही लागतंच बोलायला. "वयनी, अंगठा नाजूक हाय ता लगीन जमवतानाच सांगायचा ना गो!"

हिराबाईला मलम नको होतं, आरामही नको होता. हो बाई, तुझा अंगठा गेलाय, एवढं कोणी म्हणालं असतं तरी तिला पुरलं असतं. कोणी म्हणत नव्हतं. ह्या गोष्टीचा तिला इतका राग यायचा की भाकरी थापताना परात बडवल्यासारखा आवाज व्हायचा.

तिच्या किन्हवलीच्या बहिणीची मुलगी मिताली कल्याणच्या एका कॉलेजात संशोधन करते. कसलं, ते घरात कोणाला धड सांगता येत नाही. ऐन लावणीत ती मुरबाडहून जीपनं आली आणि पिशवीतून एक डबी काढली. आत जेलीच्या दोन काळपट टोप्या, बोटाच्या टोकावर बसतील एवढ्या.

"मावशी, ह्या जेलीत कार्बनचे तंतू हायत. डोळ्याला दिसणार नाय इतके बारीक. दाबली की तंतू जवळ येतात, करंट जास्त जातो. सोडली की कमी. अंगठ्यानं किती जोर लावला ते मोबाइलवर दिसतं."

हिराबाईनं टोपी अंगठ्यावर चढवली आणि परातीच्या काठावर दाबून बघितली. मोबाइलवरची रेघ टुणकन वर उडाली. तिनं परत दाबलं. परत उडाली.

"ही खोटं बोलायची नाय ना?"

"नाय गो."

"मंग उद्या ह्यांच्यासमोरच लाव."

डबीचं झाकण जीपमध्ये चेपून फुटलं होतं. मिताली आंघोळीला जाता जाता म्हणाली, "मावशी, ह्या सुकू देऊ नको हां. सुकल्या की मेल्या."

लावणीच्या दिवसांत हे वाक्य आमच्याकडं कुठल्याही बाईला सांगून बघा. उपटलेल्या रोपांच्या मुठी दुसऱ्या दिवसावर जाणार असतील तर त्यांची मुळं पाण्यात बुडवून ठेवतात. हिराबाईनं टोप्या वाटीत घातल्या, वर तांब्यातलं पाणी ओतलं आणि मांजर तोंड घालील म्हणून वाटीवर ताटली ठेवली.

सकाळी मितालीनं ताटली उचलली. टोप्या फुगून दुप्पट झालेल्या, भिजलेल्या साबुदाण्यासारख्या बुळबुळीत.

"काय केलंस गो हे!"

"पाण्यात ठेवल्या. तूच बोललीस, सुकू देऊ नको."

"ओल्या फडक्यात ठेवायच्या होत्या! त्या पाणी पितात, आतलं मीठ बाहेर जातं, तंतू लांब लांब होतात. तीन महिने लागले मला ह्या करायला!"

"मंग तसा सांगायचा ना! मना काय तुझ्या कॉलेजात घातलेला?"

दोघी एकमेकींवर तोंडं फुगवून खाचरावर गेल्या. तरी मितालीनं त्यातल्या त्यात बरी टोपी लावली, चिखल लागू नये म्हणून वर पातळ रबर चढवलं, मनगटाला वायरींची डबी बांधली. कोंडू बांधावर उभा. हिराबाईनं रोपामागून रोप खुपसलं. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत आडवी. जिवंत अंगठा आहे की खुंटी, तेही कळेना.

"बघ," कोंडू म्हणाला, "शिकलेल्या पोरीचा मशीन पण बोलतो, काय नाय झालेला."

गंगी हसता हसता कंबर धरून उभी राहिली. मशीन बिघडलंय, मशीन बिघडलंय, असं मिताली सांगत राहिली. कोण ऐकतो! हिराबाईनं त्या दिवशी सगळी पात ओढली, आणि संध्याकाळी तिची पाव पात पाण्यावर तरंगत होती. कोंडूच्या मते तिनं ते मुद्दाम केलं.

दहा दिवसांनी, शेवटचं खाचर उरलेलं असताना, मिताली परत आली. ह्या खेपेस कॉलेजात उरलेल्या जेलीतून केलेली एकच टोपी, घट्ट झाकणाची डबी, आणि जेलीत पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन. डबीला तिनं कोणाला हात लावू दिला नाही. आधी टोपी गंगीच्या अंगठ्याला लावली, मग हिराबाईच्या. गंगीची रेघ करवतीच्या दातांसारखी, सगळे दात सारखे. हिराबाईची साठ रोपांपर्यंत तशीच, मग दात झिजत गेले, आणि शंभराला नुसती खरखर उरली.

"काका, बघा. ही आत्याची, ही मावशीची. आता तरी कळलं?"

कोंडूनं मोबाइल लांब धरला, तिरका केला.

"त्या दिवशी पण रेघच होती. तवा तू बोललीस, मशीन बिघडलाय. आज नाय बिघडला कशावरून?"

मितालीनं मोबाइल त्याच्या हातातून ओढून घेतला.

"दादा, माझी तर बरोबर आली," गंगी हळूच म्हणाली.

"तुझी येणारच. तू काम करतंस."

हिराबाईनं टोपी काढली, डबीत ठेवली, झाकण दाबून लावलं. हात धुतले. बांधावर चढली आणि हातातली रोपांची मूठ कोंडूच्या हातात दिली. लावणी बायकांनी करायची, कोंडू जन्मात त्यासाठी वाकला नव्हता.

"उरलेली पात तुमी लावा."

"आन् तू?"

"मी बांधावरून बघते. तुमी बघता तशी."

ती खरंच बसली. पावसाची सर आली तरी उठेना. खाचर अर्धं राहिलेलं, रोप उपटून पडलेलं, गंगी आणि मिताली बघतायत. कोंडू शिव्या घालत चिखलात उतरला. वीसेक रोपं लावून झाली असतील, त्यातली निम्मी तरंगायला लागली.

"हाड साबूत, कातडी साबूत," हिराबाई वरून म्हणाली.